बादशहा-दश्शी-दुर्री

तीन पत्तीत एक्क्यांची जोडी आली की नवख्याचा चेहराच सगळं सांगून टाकतो. मुरलेला खेळाडू आधी मान वर करून बघतो, डावात अजून किती जण आहेत ते.

बावन्न पानांतून तीन-तीन पानांचे 22,100 संच निघतात. त्यातल्या 16,440 संचांत काहीच जमलेलं नसतं. जोड्या 3,744, कलर 1,096, साधी सिक्वेन्स 720, प्युअर सिक्वेन्स 48 आणि ट्रेल 52. म्हणजे एक्क्यांच्या जोडीला मारणारे संच शंभरात नऊसुद्धा भरत नाहीत. समोर एकच जण असेल तर ती जोडी भक्कम. पण पाच जण असतील, तर त्यांच्यातल्या कुणाकडे तरी कलर किंवा त्याहून मोठं काही असण्याची शक्यता 36 टक्क्यांच्या आसपास जाते. पानं तीच, पण जोर जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटला! एकेक जण पॅक करत गेला की तो पुन्हा वाढतो. फक्त पानं बघूनही जो चाल वाढवत राहतो, त्याला या सरासरीत धरू नये.

पोकरवरून इकडे आलेले हमखास फसतात ते कलरवर. पाच पानांत सरळ ओळ 10,200 प्रकारांनी लागते, एकाच रंगाची पानं मात्र 5,108 प्रकारांनीच. म्हणून तिथे रंग मोठा. तीन पानांत ओळच अवघड, म्हणून इथे सिक्वेन्स कलरच्या वर बसते. ट्रेलचं मात्र नवल आहे. ती प्युअर सिक्वेन्सपेक्षा चार संचांनी जास्त वेळा येते, तरी पहिला मान तिचाच. तो तसाच राहावा. तीन एक्के उघडल्यावर जी दाद मिळते, ती हिशेबाच्या पलीकडची असते.

खरी मजा ब्लाइंडसमोर. त्याने पानं पाहिलेलीच नाहीत, तेव्हा त्याच्या चालीतून काही कळत नाही. उरतं ते निव्वळ गणित. सगळे संच उतरत्या क्रमाने मांडले तर बरोबर मध्यावर बादशहा-दश्शी-दुर्री येते. इतकी साधी पानं, आणि ब्लाइंडशी बरोबरीची!

त्याहून हलकी पानंही लगेच टाकायची नसतात. समजा दोघेच उरले आहेत, डावात 20 रुपये जमलेत आणि ब्लाइंडची चाल 2 रुपयांची आहे. पानं पाहिलेल्याला ब्लाइंडकडे शो मागू देत असतील, तर त्यासाठी दुप्पट, म्हणजे 4 रुपये मोजावे लागतात. 4 टाकून 24 उचलायचे, तर सहात एकदा जिंकलं तरी नुकसान नाही. आता हातात वेगवेगळ्या रंगांची राणी-तिर्री-दुर्री आहे, राणी सगळ्यात मोठी असलेल्या संचांतली सगळ्यात दुबळी. तीसुद्धा ब्लाइंडला शंभरात तीस वेळा हरवते. बहुतेक जण ही पानं तोंड वाकडं करून पॅक करतात. जाणकार 4 रुपये पुढे सरकवतो आणि शो मागतो.