जास्त लागलेला ब्रेक

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दोनच्या सुमारास बेंगळुरूच्या इस्ट्रॅक केंद्रात मोठ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका नियोजित रेषेपासून ढळला आणि थोड्याच वेळात थिजला. चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत ‘विक्रम’चे उतरणे सुरळीत होते, त्यानंतर संपर्क तुटला, असे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केले. प्रश्नमंजूषेतून निवडलेले शालेय विद्यार्थीही त्या रात्री केंद्रात होते. ब्रेक कमी पडला असावा, अशीच जागलेल्या बहुतेकांची समजूत झाली. ती स्वाभाविक होती, पण चुकीची.

बल आणि काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग, आणि आवेग म्हणजेच संवेगातील बदल. शाळेत हे शिकवताना झेल घेणाऱ्या खेळाडूचे उदाहरण हमखास येते: हात मागे घेतले की थांबण्याचा काळ वाढतो, हाताला बसणारा आघात घटतो. उदाहरण चांगले आहे, पण अर्धे. त्यातून मनावर ठसते ते एवढेच की काळ जितका जास्त तितके बरे.

चंद्रावर पॅराशूट उघडायला हवा नाही. विक्रम उतरू लागला तेव्हा त्याचे वस्तुमान सुमारे १४७१ किलो आणि वेग सेकंदाला १६८३ मीटर, म्हणजे संवेग जवळपास २५ लाख किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होता. (इंधन जळताना वस्तुमान घटते, म्हणून हा आकडा सुरुवातीपुरताच.) तो उतरवायचा होता केवळ इंजिनांच्या उलट्या रेट्याने. ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंतचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडला. दुसऱ्या टप्प्यात मात्र वेग ठरवल्यापेक्षा जास्त घटला, असे सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसभेत सांगितले. अपेक्षेपेक्षा अधिक रेटा इंजिनांनीच दिला होता.

आता एक काल्पनिक हिशेब. ८०० न्यूटनची चार इंजिने मिळून ३२०० न्यूटन. त्यात एक टक्का जादा, म्हणजे ३२ न्यूटन. पृथ्वीवर सव्वातीन किलोच्या पिशवीचे वजन. पण हा रेटा दहा मिनिटे टिकला, तर हजार किलोच्या यानाचा वेग सेकंदाला १९ मीटरने, म्हणजे ताशी जवळपास ७० किलोमीटरने बदलतो. काळ बलाला सौम्य करतो, तसाच तो चूकही साठवतो. मार्गदर्शन प्रणाली अशी चूक वाटेत सुधारते खरी, पण सुधारण्याच्या मर्यादेत ती असली तरच.

वेग लवकर घटला, तर यान नेमलेल्या जागेच्या अलीकडेच राहते. विक्रमची जागा होती जेमतेम ५०० मीटर गुणिले ५०० मीटर. पुढे अध्यक्ष झालेल्या एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये सांगितले, की जमीन जवळ आलेली असताना यान ती जागा गाठण्यासाठी वेग वाढवत होते. भराभर वळावे लागत होते आणि वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरची मर्यादा होती. संवेगाला दिशाही असते, हे परीक्षेत लिहायला सोपे आहे.

उरलेला संवेग जमिनीने क्षणार्धात काढून घेतला. नासाच्या छायाचित्रांत अवशेष कित्येक किलोमीटरवर विखुरलेले दिसले. पहिला तुकडा चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी शोधला.

चांद्रयान-३ साठी मग चुकांना जागा ठेवण्यात आली. उतरण्याचे क्षेत्र ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर झाले, इंधन वाढले, वेग थेट मोजणारे लेझर उपकरण आले. पायांची सहनशक्ती सेकंदाला २ मीटरवरून ३ मीटरवर नेण्यात आली. पृथ्वीवर खुर्चीच्या उंचीवरून पडलेली वस्तू साधारण याच वेगाने जमिनीवर आदळते. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी यान अलगद टेकले. ३ सप्टेंबरला त्याची इंजिने पुन्हा पेटवण्यात आली. ते सुमारे ४० सेंटीमीटर वर उचलले गेले आणि ३०-४० सेंटीमीटरवर पुन्हा उतरले.