कापसाचे बोळे

1991 साली दोंडाईचाहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसलो, सुरतेत उतरलो आणि उधन्यात लूमवर लागलो. बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे, एका कारीगराकडे आठ मशीन. 1994 च्या प्लेगात शहर रिकामं झालं, आम्हीही गावी पळालो. पण कारखाने उघडताच मी मशीनवर हजर होतो. काम म्हणजे सोसणं, एवढंच मला कळत होतं.

बारावीनंतर मुलगा माझ्याच कारखान्यात आला. तिसऱ्या दिवशी त्याने कानात कापसाचे बोळे घातले. मी ते चार कारीगरांसमोर उपसून काढले. "मशीनचा आवाज बदलला तर तुला कळणार कसं?" आठव्या दिवशी त्याने काम सोडलं. आता तो घरूनच मोबाईलवर साड्या विकतो, रात्री आठनंतर गिऱ्हाइकाचा फोन घेत नाही. त्याला मी कामचोर म्हणायचो. सोयऱ्याधायऱ्यांतही तेच सांगत फिरलो.

नात बोलायला लागली तेव्हा तिचं बोलणं मला कळेना. पोरगी पुटपुटते, असं मी म्हणायचो. शेवटी मुलगाच कान तपासायला घेऊन गेला. हेडफोन लावून आत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई आवाज वाढवत होत्या, मुलगा त्यांच्या हाताकडे बघत होता. आणि मी, अजून सुरूच झालं नाही असं समजून, बटण धरून वाट बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, आधी बारीक आवाज जातात, लहान मुलांचे वगैरे. गेलेले परत येत नाहीत. आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. शटल लूमच्या शेडमध्ये त्याहून जास्त गोंगाट असतो, आणि मी त्यात बारा तास, 28 वर्षं उभा होतो. मग त्यांनी विचारलं, "कानात कधी काही घालत होता का?"

मुलगा गप्प राहिला. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

तो आळशी नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. राग वेगळाच होता. तो सोसायला नाही म्हणाला, तर माझ्या सोसण्याला किंमत काय उरली? स्वतःचं दुखणं झाकायला मी पोराला बदनाम केलं. बापाने करावं असं हे काम नव्हतं.

त्या रात्री ओट्यावर बसून म्हणालो, "चुकलो रे मी." तो खाली बघत काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. उजवा कान जरा बरा आहे, तो मी पुढे केला.