वॉटर बॉडी आहे का?

शनिवारी सकाळी आमचा अख्खा ग्रुप लोणावळ्याला निघाला होता. मी मात्र ऑफिसच्या लॅपटॉप बॅगेत एक तेलकट, गंजकं धूड घालून नाना पेठेत पोचलो. ते धूड म्हणजे आमच्या चारशेसातचा वॉटर पंप!

चारशेसात म्हणजे टाटा ४०७. हे मॉडेल आलं १९८६ साली, आमची गाडी १९९८ची. हिच्याच भाड्यावर माझं इंजिनीअरिंग झालं. बाबा अजूनही नारायणगावचा टोमॅटो वाशीला पोचवतात आणि परतीचं भाडं मिळालं, की भरल्या गाडीनं माळशेज चढतात.

मागच्या महिन्यात परतीला टाइल्स होत्या. घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. बाबांनी गाडी कडेला घेतली, पण तेवढ्यात टाइल्सवाल्याचा तिसरा फोन आला. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसानं मग नवशिक्यासारखी घाई केली. फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला, की क्षणात वाफ! उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्यात मी एकच टेप लावली होती, ‘बाबा, विका आता ती गाडी. दरवर्षी पासिंगचा खर्च, आणि वर हे.’

‘गाडीचा काय दोष? बोअरचं पाणी मीच ओततोय वर्षानुवर्षं,’ बाबा म्हणाले. ‘तू फक्त सामान आणून दे. आणि जुना पार्ट सोबत ने, नाहीतर हात हलवत येशील.’

आधी अर्थातच नेट पालथं घातलं. फोटो ढीगभर, पण आपल्या गाडीला नेमका कुठला बसेल, ते काही कळेना. म्हणून नाना पेठ. पहिल्याच काउंटरवर ऐटीत विचारलं, ‘वॉटर पंप आहे का?’

‘घराला पायजे का शेताला?’

दुकानात हशा! मग एका काकांनी कीव येऊन सांगितलं, ‘अहो, वॉटर बॉडी म्हणा की.’ बोंबला! चार वर्षं इंजिनीअरिंग करून ट्रकच्या पंपाचं साधं नाव माहीत नाही.

पुढचा पेपर त्याहून अवघड. ‘इंजिन कुठलं? टर्बो का साधं?’ बाबांनी कागदावर लिहून दिलेलं वाचलं, ‘४९७, साधं.’ चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४९७. काकांनी दोन वॉटर बॉड्या समोर ठेवल्या. मला तर जुळ्या बहिणीच वाटल्या. मग मी बॅगेतनं जुनी काढली, आणि फरक दिसला. एकीची पुली वेगळी होती. चुकीची नेली असती, तर पट्टा सरळ बसलाच नसता.

होज पाइप, पट्टा, झाकण असं सगळं निघालं. थर्मोस्टॅटचा जुना नमुना मात्र नव्हताच. कुणा मिस्त्रीनं तो कधीच काढून फेकला होता, इंजिन थंड राहतं म्हणून. काका हसले. ‘थंड राहणं वेगळं, गारठणं वेगळं. गारठलेलं इंजिन डिझेल जास्त खातं, झिजतंही जास्त.’

शेवटचा मुक्काम रेडिएटरवाला. सकाळीच टेम्पोनं पाठवलेला रेडिएटर त्यानं उघडून ठेवला होता. गिझरच्या कॉइलवर जमतो, तसा पांढरा थर नळ्यांत गच्च बसलेला. नवाच घ्यावा का, विचारलं तर तो म्हणाला, ‘पितळी आहे, फेकू नका. नळ्यांत सळ्या घालून साफ करतो, टाकीला परत डाग देतो. प्लास्टिकच्या टाकीला कुठला डाग देणार?’

रविवारी गावी सगळं बसवलं. हात मिस्त्रीचे नि माझे, हुकूम बाबांचे. बोअरचं पाणी बंद, आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. ट्रायलला मी चालवत होतो, बाबा शेजारी. दोघांची नजर रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त. काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला.

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी गाडी विकायचा विषय काढला नाही. शेवटी बाबाच म्हणाले, ‘घाट बंद करतो आता. नारायणगाव ते चाकण, बास.’

‘आणि झाकण?’

‘इंजिन गार झाल्याशिवाय नाही उघडणार, साहेब.’ आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला साहेब म्हणाले!

सोमवारी ऑफिसात शेजारच्या डेस्कवरून प्रश्न आला, ‘तुझ्या बॅगेला हा कसला वास येतोय रे?’

‘वॉटर बॉडीचा,’ मी ऐटीत म्हणालो.