बुनियाद आणि खरखर

बेंजो पार्टी लासूर स्टेशनला नवी नाही. लग्नाची वरात असो, गणपती असो, जयंती असो की उर्सचा संदल, टेम्पोवर बॉक्स आणि भोंगे बांधलेले असतात. पुढे बेंजोवाला, बाजूला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा. हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तयार झालेलं ताइशोगोतो हे वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, कव्वालीच्या साथीला बसलं आणि महाराष्ट्रात बेंजो या नावाने टेम्पोवर चढलं. आता त्याला वीज जोडलेली असते आणि पायाखाली गिटारची पेडलंही असतात. आवाज धारदार हवा, चौकातून गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचला पाहिजे.

त्याच टेम्पोच्या कोपऱ्यात चार जाड तारांची गिटार घेऊन कुणी उभा असेल, तर त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो बेस गिटारवाला. आमच्या भागातल्या पार्ट्यांमध्ये असा माणूस विरळाच. माझा भाचा त्या विरळांपैकी एक.

ही गिटार मुळात माझी. बी.एड. करताना औरंगाबादेत एका ऑर्केस्ट्रात मी दोन वर्षं बेस वाजवला, खोलीचं भाडं त्यातून निघायचं. पुढे शाळेत उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो आणि गिटार भाच्याकडे गेली. तो कापसाच्या हंगामात जिनिंगवर जातो. हंगाम संपला की लग्नसराईत वाजवण्याचे पैसेच घराला लागतात. यंदा पार्टीच्या मालकाने त्याला स्पष्ट सांगितलं, "तुझा बेस ऐकूच येत नाही. ऑक्टोपॅडवर धम् येतोच आहे. एक माणूस कमी झाला तर बाकीच्यांना चार पैसे जास्त पडतील." बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. म्हणूनच ते जास्त लागलं.

भाच्याने बेंजोवाल्याचं जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल उसनं आणलं आणि आमच्या ओट्यावर जोडलं. म्हणाला, "मामू, अब देखो, सबको सुनाई देता."

ऐकू आलं खरं. पण भुंगा डब्यात अडकावा तसं. वरची खरखर भरपूर, आणि जो सूर पायाला जाणवायला हवा तोच गायब. पोराचं तोंड उतरलं. त्याला वाटलं पेडल खराब आहे. पेडल धडधाकट होतं, फक्त ते दुसऱ्या वाद्यासाठी बनवलेलं होतं.

हे समजून घ्यायला थोडं गणित लागतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. बेसची सगळ्यात जाड तार ४१ वेळा, म्हणजे बरोबर निम्मी. सुराची लहर डोंगररांगेसारखी वरखाली होते असं समजा. ओव्हरड्राइव्ह त्या डोंगरांची टोकं हलक्या हाताने घासतं. फझ हा त्याचा आडदांड भाऊ, तो टोकं विळ्याने उडवावीत तशी सपाट करतो. टोक कापलं गेलं की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे सूर त्यातून निघतात. आपण खरखर म्हणतो ती हीच.

बेसला ही खरखर कामाची असते. ४१ कंपनांचा सूर भोंग्यातून निघत नाही, मोबाइलमधून तर नाहीच. पण त्याच्या पटीतले ८२, १२३, १६४ हे सूर कानावर पडले, की मेंदू खालचा न वाजलेला सूर आपणच भरून घेतो. म्हणजे थोडी खरखर असलेला बेस लहान स्पीकरवरही ऐकू येतो. भाच्याची कल्पना चुकीची नव्हती.

अडचण पेडलच्या पोटात आहे. गिटारचं पेडल बनवणारा खालचे सूर मुद्दाम आवरतो, नाहीतर गिटार गढूळ वाजते. आयबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर वरच्या सुरांइतके वाढतच नाहीत. गिटारला ते शोभतं. बेसचं मात्र सगळं घरच त्या खाली. शिवाय टोकं सपाट झाली की तार छेडतानाचा पहिला ठोका बोथट होतो, आणि वरातीत नाचणाऱ्याचा पाय त्या ठोक्यावरच पडतो.

मजा अशी की फझचा जन्मच बेसच्या तारांवर झाला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाचं 'डोंट वरी' हे गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सरचा एक चॅनेल बिघडलेला होता. बेसचा आवाज फाटून आला. तो फाटका तुकडा तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली गाणं गाजलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं. पुढे रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे १९६५ साली फझ घरोघरी पोहोचला, तो गिटारच्या नावाने.

त्याच वर्षी बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ' या गाण्यात पॉल मॅकार्टनीने जे केलं, ते मी भाच्याला मोबाइलवर ऐकवलं. त्या गाण्यात बेस दोनदा आहे. एक साधा, स्वच्छ. दुसरा फझमधून काढलेला. फाटका बेस गुरगुरत पुढे येतो आणि साधा बेस खाली शांतपणे गाणं धरून ठेवतो. भाच्याने ते चार वेळा ऐकलं. मग म्हणाला, "हौ मामू, एक नक्को, दोनों होना."

टेम्पोवर दोन बेसवाले परवडणार नाहीत, पण एका गिटारचे दोन रस्ते करता येतात. गिटारची वायर आधी डीआय बॉक्समध्ये. तिथून एक वायर सरळ मिक्सरच्या एका चॅनेलला, हा झाला साफ आवाज. बॉक्सच्या दुसऱ्या तोंडातून एक वायर पेडलमध्ये आणि पेडलमधून दुसऱ्या चॅनेलला. या दुसऱ्या चॅनेलवर बेसचं बटण खाली घ्यायचं, कारण काही पेडलं लहर उलटी करतात आणि मग दोन्ही चॅनेलचे खालचे सूर एकमेकांना खातात. ट्रेबलही कमी करायचं, नाहीतर पेडल सरळ मिक्सरला लावल्यावर कानात मधमाश्या सोडल्यासारखं होतं. आधी साफ चॅनेल पूर्ण लावायचा, मग खरखर हळूहळू वाढवायची. ती वेगळी ऐकू यायला लागली की किंचित मागे यायचं. आणि जनरेटरवर वाजवायचं असेल तर पेडलला नऊ व्होल्टची बॅटरी घालावी, अडॅप्टरची घुंई टळते.

हे सांगताना मला माझा वर्ग आठवत होता. पालक येतात आणि म्हणतात, "सर, बच्चों की उर्दू साफ करो, घर में नक्को-हौ बोलते." घरातली दखनी त्यांना फाटकी, बिघडलेली वाटते. मी त्यांना वलीचं नाव सांगतो. वली याच औरंगाबादचा, जन्म १६६७ चा. त्याची दखनीत मुरलेली शायरी दिल्लीला पोहोचली तेव्हा तिथल्या शायरांनी तिच्यापासून धडा घेतला. मी मुलांचा तलफ्फुज पक्का करून घेतो, व्याकरण घोटून घेतो, ती बुनियाद आहे. पण नक्को पुसून टाकत नाही. लासूरचं पोर लासूरचं ऐकू आलं पाहिजे. नुसता साफ आवाज गर्दीत बुडतो, आणि नुसत्या खरखरीला पाय नसतात.

डीआय बॉक्स औरंगाबादेत जुना मिळाला. मागच्या आठवड्यात एका वरातीत भाच्याने हे जोडलं. मी मशिदीच्या कोपऱ्यावर उभा होतो, टेम्पोपासून बराच लांब. बेस तिथपर्यंत आला, गुरगुरही आली, आणि शेजारच्या दुकानाचं शटर हलकं थरथरलं. मालक काही बोलला नाही. रात्री हिशेब करताना त्याने पुढच्या तीन तारखा भाच्याला लिहून दिल्या. त्यानंतरचं अजून ठरलेलं नाही.

पेडल बेंजोवाल्याला परत करायचं आहे. भाचा आता स्वतःच्या पेडलसाठी पैसे बाजूला टाकतो आहे, आणि या वेळी मिसळायचं बटण त्यातच असलेलं, बेससाठी बनवलेलं पेडल शोधतो आहे.