पुढची सलग सीट

तुला आठवत असेल, फियाट टॅक्सीच्या पुढच्या सीटवर तिघं मावायचे. गिअरचा दांडा पायाशी नव्हता, स्टिअरिंगच्या खाली आडवा होता, त्यामुळे सीट या दारापासून त्या दारापर्यंत बाकड्यासारखी सलग. आमच्या टॅक्सीतली मधली जागा माझी. डावीकडे आई, तिच्या वेणीतला मोगरा आणि मांडीवरची डब्याची पिशवी. उजवीकडे बाबांची खाकी बाही, आणि चिंचपोकळीच्या पुलावर गाडी चढताना त्यांनी दुसरा गिअर टाकला की माझ्या खांद्याला हळूच लागणारं त्यांचं कोपर. उन्हानं तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, सकाळची उदबत्ती, पावसाळ्यात पायाखाली पसरलेल्या भिजक्या वर्तमानपत्राचा वास, हे सगळं मिळून जे काही व्हायचं ते मला आजही घराच्या वासाआधी आठवतं.

बाबा मूळचे गिरणीच्या साचेखात्यातले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचा भोंगा कायमचा थांबला. मग टॅक्सीचा बिल्ला काढून वर्षानुवर्षं दुसऱ्याची टॅक्सी पाळीवर चालवली, आणि १९९३ मध्ये स्वतःची घेतली. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं होतं, पण लालबागमध्ये तिला कुणी फियाटखेरीज हाक मारली नाही. पहाटे चोक ओढून ती सुरू व्हायची, आधी खोकायची, मग थरथरायची, आणि मग एका लयीत बोलायला लागायची. ती लय लागली की चाळीतल्या अर्ध्या बायका चहाचं आधण ठेवायच्या, असं आई सांगते.

गाडी बदलायची गोष्ट पहिल्यांदा आईनंच काढली. ती कालनिर्णयच्या चौकटींत दुधाशेजारी गाडीचाही खर्च लिहायची, आणि त्या चौकटी दरवर्षी जास्त भरत चालल्या होत्या: क्लच प्लेट, रेडिएटरची गळती, पासिंगच्या आधीचं पत्र्याचं काम आणि रंग. मध्यंतरी सीएनजीचं किट बसवलं तेव्हा सिलिंडरनं डिकी खाल्ली आणि सामान वरच्या कॅरिअरवर गेलं. नव्या छोट्या गाड्या त्याच गॅसवर कितीतरी जास्त पळतात, परमिट तेच राहतं, फक्त गाडी बदलायची, हे ती भाजी निवडता निवडता शांतपणे मांडायची. बाबांकडे उत्तरं असायची, तीही सगळी व्यवहाराचीच. हिचा पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतो, पत्रा जाड आहे, मेकॅनिकला कॉम्प्युटर लागत नाही. जीव जडलाय, असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. आईचा हिशेब खरा होता, आणि तो खरा आहे हे बाबांना ठाऊक होतं, म्हणूनच ते इतकी उत्तरं शोधत असावेत.

२०१३ मध्ये टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांवर आली आणि आमच्या घरातला वाद मिटला. गाडी कुर्ल्याला भंगारात गेली. कुर्ल्याच्याच कारखान्यात ती जन्मली होती. बाबांनी जाण्याआधी ती धुतली. आई म्हणाली, आता कशाला? बाबांनी बादली भरून घेतली.

नवी गाडी गुणी निघाली. आवाज नाही, गळती नाही, महिन्याकाठी चार पैसे उरायला लागले. पण बाबांचा डावा हात कितीतरी दिवस गिअरसाठी स्टिअरिंगकडेच जायचा, आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागायचे. आमचा गणपती आजोबांपासून गिरगावातल्या कारखान्यातून येतो. फियाटमध्ये तो पुढे, मधोमध, पाटावर बसायचा, तोंडावर रुमाल, एका बाजूनं आईचा हात, दुसऱ्या बाजूनं बाबांचा श्वास. लॅमिंग्टन रोड, सात रस्ता, प्रत्येक खड्ड्याला बाबा पुटपुटायचे, सांभाळ रे देवा, आणि ते स्वतःला सांगतायत की मूर्तीला, हे मला कधी कळलं नाही. नव्या गाडीत पुढे दोन वेगळ्या सीटा. गणपती आईच्या मांडीवर मागे आला, मी तिच्या शेजारी, आणि पुढे बाबा एकटे. त्या दिवशी सात रस्त्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं २०२३ मध्ये भरली. बातमी बाबांनी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला, आणि मग दिवेलागणीपर्यंत आईला सांगत राहिले, की थंडीत चोक किती ओढायचा, इंजिन तापलं की बॉनेट उघडून किती वेळ थांबायचं, बाहेरचा मीटर पाडताना पावसात हात कसा भिजायचा. हे सगळं तिनं त्याच सीटवर बसून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती लसूण सोलत ऐकत होती आणि मधून मधून विचारत होती, आणि मग?