चंपीची भाकरी

सोलापुरात एके काळी घड्याळ नसलेल्या घरालाही वेळ कळायची. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि गावाचं उठणं, जेवणं, झोपणं भोंग्यावर चालू लागलं. माझे वडील, आण्णा, गिरणीत साचेखात्यात होते. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली. पगार थांबला ते सगळ्यांना दिसत होतं. आईनं शिवणकाम वाढवलं, काकांनी धान्य पाठवलं. पण आण्णांचा दिवसच हरवला होता आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. पहिल्या पाळीच्या सवयीनं ते अंधारातच उठायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. आंघोळ दुपारपर्यंत लांबायची. कुणी हाक मारली तर दोनदा मारावी लागायची.

चंपी आली ती बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेच्या सुमारास, चंपाषष्ठीला. म्हणून चंपी. आमच्या जिल्ह्यात खेड्यापाड्यांत कारवानी कुत्री हौसेनं पाळतात. लांब पाय, खोल छाती, पोटाशी बारीक कंबर, पळायला लागली की नजर ठरत नाही. चंपी त्यातली नव्हती. साधी गावठी, तांबूस, एका कानाच्या टोकाला काळा ठिपका. बोळात कुणीतरी सोडून दिलेलं पिल्लू आमच्या ओट्याखाली शिरलं आणि तिथेच राहिलं.

आईचा विरोध होता. ती माळकरी, देव्हारा, सोवळं, सगळं कडक. पिल्लू उंबऱ्यापर्यंत आलं की ती काठी आपटायची. एका संध्याकाळी मात्र तिनं काठी कोपऱ्यात ठेवली आणि आपणहून म्हणाली, “नामदेवमहाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, हे कीर्तनात ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आणि माझ्या दारात आलं की मी काठी घेते. हे बरं नाही.” पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. पण गोष्ट ऐकून माणूस आपली रीत बदलतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. देवघर सोडून बाकीचं घर चंपीला मोकळं झालं.

खरा पेच आला तो एकादशीला. त्या दिवशी आमची चूल साबुदाणा आणि भगरीपुरतीच पेटायची. चंपीनं भगर हुंगली आणि तोंड फिरवलं. आण्णांनी आईला भाकरी टाकायला सांगितलं. आई म्हणाली, “एकादशीला मी ज्वारीच्या पिठात हात घालत नाही. तिला उपास नाही, तर तुम्ही थापा.”

आण्णा तोवर पाणी प्यायलासुद्धा कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते. ते परातीसमोर बसले. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पाणी कढत हवं आणि तळहाताच्या टाचेनं पीठ चांगलं रगडून मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात. आण्णांच्या कडा चिरल्या. उचलताना भाकरी मोडली, तव्यावर तिचे तीन तुकडे पडले. आई दारात उभी राहून नुसतं सांगत होती, पिठाला बोट लावत नव्हती. चंपीनं दुधात कालवलेले ते तुकडे खाल्ले, ताट चाटलं आणि आण्णांच्या तोंडाकडे बघत बसली. गिरणी सुटल्यापासून मी आण्णांना मनापासून हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

पुढच्या एकादशीला ते कुणी न सांगता परातीसमोर बसले. धावत्या साच्यावर तुटलेला धागा क्षणात जोडणारी ती बोटं होती, त्यांना पीठ कळायला वेळ लागला नाही. भाकरी टम्म फुगायला लागली, पापुद्रा सुटायला लागला. नंतर आईला टायफॉइड झाला तेव्हा चंपीसाठी शिकलेल्या त्या भाकरीवर आमचं सगळं घर जेवलं. आई अंथरुणावरून म्हणाली, “माझ्यापेक्षा पातळ थापता की हो.” ती कौतुक सहज करणारी बाई नव्हती.

माणसाला पगारापेक्षा वेगळी अशी एक भूक असते, कुणाला तरी आपली गरज असण्याची. आम्हा पोरांनाही वडिलांची गरज होती, पण आम्ही त्यांना जपत होतो, त्यांच्यासमोर काही मागत नव्हतो. चंपी बेधडक मागायची. पहाटे साखळी तोंडात धरून उभी. आण्णा उठले की दोघं कंबर तलावाच्या बाजूला चालत जायची, उजाडता उजाडता परत. मग पाणी, मग खाणं, संध्याकाळी पुन्हा फेरी. त्यांचा दिवस परत बांधला गेला तो असा.

आणि चंपीमुळे ते बोळात बोलू लागले. आमचा भाग मिसळीचा. तेलुगू, कन्नड, मराठी घरं भिंतीला भिंत लावून. शेजारच्या पद्मशाली मावशी दुपारी दारात सूप घेऊन विड्या वळत बसायच्या, चंपी त्यांच्या पायाशी. त्या “रा” म्हणाल्या तरी जायची, समोरच्या कन्नड आजी “बा” म्हणाल्या तरी जायची. तिला शोधायला गेलेले आण्णा मग त्या ओट्यावर बसायचे, चहा व्हायचा. मावशींच्या मुलाच्या यंत्रमागावर त्यांना अर्धवेळ काम मिळालं तेही अशाच चहावर.

उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतच अंग थंड करतं. चंपी मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून पडायची. नळाला पाणी काही दिवसांआड. घरातल्या प्रत्येक बादलीचा हिशोब आईकडे असायचा. त्या हिशोबात चंपीचं भगुलं कधी बसलं ते कळलंही नाही. दाराबाहेर दुसरं भगुलं आलं, रस्त्यावरच्या जनावरांसाठी. पाण्याच्या बाबतीत आई कुणाला ऐकत नाही, म्हणून हे मला मोठं वाटतं.

शेजारी यंत्रमाग दिवसरात्र खडखडायचा आणि चंपी त्याला टेकलेल्या भिंतीशी गाढ झोपायची. पण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की थरथर कापायची. माणसाला ऐकू येत नाहीत इतक्या उंच स्वरांचे आवाज कुत्र्याला ऐकू येतात. आपल्याला दुरून येणारा धडाका तिच्या कानाला काय वाटत असेल? आण्णा लहानपणापासून दारूकाम बघायला जायचे, कधी चुकवलं नव्हतं. चंपी आल्यावर ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जायचे, अक्षता सोहळ्याला जायचे आणि दारूकामाच्या रात्री दारं-खिडक्या लावून तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत.

माया करणं म्हणजे माहिती करून घेणंसुद्धा, हे मी त्यांच्याकडून शिकले. आमचा जिल्हा द्राक्षांचा, घरात बेदाणे कायम. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे त्यांना जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी बोळातल्या घराघरांत जाऊन सांगितलं. कांदा-लसूणही नको, म्हणून शेंगाचटणीचं बोटही नाही. रेबीजची लस दर वर्षी, न चुकता. ते सगळ्यांना एकच गोष्ट समजावतात: कुत्रा चावला तर हळद-चुना लावत बसू नका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, कारण लक्षणं दिसल्यावर तो आजार जवळजवळ कधीच माणसाला सोडत नाही.

चंपी म्हातारी होऊन गेली. त्या आठवड्यात आण्णा फिरायला गेले नाहीत. आईनं ताटात भाकरी वाढली आणि स्वतःच रडली. मी तिला तसं रडताना आजी गेली तेव्हाच पाहिलं होतं.

पुढे त्यांनी कुत्रं पाळलं नाही, पण बोळात आता एका दाराआड एक कुत्रं आहे. लुई पाश्चर 28 सप्टेंबरला गेले, त्या तारखेला जगभर रेबीज दिन पाळतात. त्या सुमारास आण्णा सगळ्या घरांना आठवण करतात आणि लस द्यायला कुत्री घेऊन वरात निघते. आण्णा पुढे, पोरं साखळ्या धरून मागे. यंदा मावशींचा निरोप दोन दिवस आधीच आला: “आण्णा, आमचा राजू दवाखाना बघितला की आडवा पडतो. त्याला तुम्हीच उचला, दुसऱ्याला तो ऐकत नाही.”