उभ्या गाडीचे म्हातारपण

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ॲबरडीन शहराच्या दक्षिणेस सुमारे चोवीस किलोमीटरवर स्टोनहेवन नावाचे लहानसे बंदर आहे. डनॉटर किल्ल्याचे समुद्रात घुसलेले अवशेष पाहण्यासाठी प्रवासी तेथे जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. परंतु माझे यजमान किल्ल्यापेक्षा गावाच्या चौकातील एका स्मृतिफलकापुढे अधिक वेळ उभे राहिले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचा तो फलक. या गावी १८२२ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी १८४५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, हवा भरलेल्या रबरी चाकाचे पेटंट घेतले. काळ अनुकूल नव्हता, रबर महाग होते आणि जग ते विसरले. पुढे बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थांनी, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून, तीच गोष्ट १८८७ मध्ये नव्याने शोधली. नाजूक देहाला धक्का लागू नये या काळजीतून जगातले टायर आले, ही गोष्ट मला त्या चौकात फार जवळची वाटली. कारण आम्हीही तशाच काळजीने प्रवासाला निघालो होतो.

यजमानांचे वय शहात्तर. सहा वर्षांपासून त्यांना पार्किन्सनचा आजार आहे. हात थरथरतात, पाऊल अडखळते, गोळ्यांच्या वेळा मिनिटांच्या हिशेबाने पाळाव्या लागतात आणि स्वच्छतागृह कायम जवळ असावे लागते. सहलीच्या बसमधून प्रवास करणे आम्ही केव्हाच सोडून दिले होते. २०२४ च्या जून महिन्यात लेकीकडे ॲबरडीनला गेलो, तेव्हा तिने आणि जावयांनी एक जुनी मोटरहोम विकत घेऊन ठेवली होती. चाकांवरचे एक लहान घर. पलंग, शेगडी, फ्रीज, शौचालय, सारे बारा पावलांच्या आत. चालत्या गाडीत आडवे होता येत नाही, पट्टा बांधून बसावेच लागते. परंतु दर दीड तासाने थांबून आपल्याच पलंगावर पाठ टेकता येते. आजारी माणसासोबत प्रवास करणाऱ्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

बेत असा होता की इनव्हरनेस, उल्लापूल करीत अगदी उत्तर टोकाच्या डरनेसपर्यंत जायचे आणि परतताना बोटीने ऑर्कनी बेटांवर दोन रात्री राहायचे.

निघण्याच्या चार दिवस आधी यजमान काठी टेकीत गाडीभोवती फिरले. एस.टी.च्या आगारात त्यांनी तेहतीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढली आहेत. गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय तिच्यात बसणे त्यांना जमत नाही. टायरची नक्षी उत्तम होती. जावयांनी मोजून दाखवली: सहा मिलिमीटर. तेथील कायदा अशा गाडीला १.६ मिलिमीटर मागतो.

“नव्यासारखेच आहेत, बाबा,” जावई म्हणाले.

यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी थरथरती बोटे टायरच्या बाजूवरून सावकाश फिरवली आणि मला म्हणाले, “अहो, जरा विजेरी धरा.” त्या उजेडात रबरावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले. मग त्यांनी जावयांना टायरच्या बाजूवरचा लंबगोल शिक्का शोधायला सांगितले. त्यात चार आकडे होते: ०९१३. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २०१३ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेला तो टायर अकरा वर्षांचा होता.

“आमच्या आगारात टायरला म्हातारा व्हायला वेळच मिळत नसे, जावईबापू,” यजमान म्हणाले. “रोजच्या धावण्यात तो झिजूनच जायचा. हा बिचारा उभ्या उभ्या म्हातारा झाला.”

या एका वाक्यात त्या साऱ्या विषयाचे सार आहे. मोटरहोम वर्षातून काही आठवडे धावते आणि उरलेले महिने अंगणात उभी असते, तीही आपल्या पलंग-कपाटांचे सारे ओझे त्याच चार टायरांवर टाकून. रबराला ऊन आणि हवेतील ओझोन खातो. त्यापासून संरक्षण म्हणून रबरातच मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. पण ते पृष्ठभागावर येतात टायर फिरला, दबला, वाकला म्हणजे. उभ्या टायरला ते पांघरूण मिळत नाही. आपल्या सांध्यांचेही असेच आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने सांध्यातील द्रव आत-बाहेर होतो, त्यातूनच तिचे पोषण होते. यजमानांचे डॉक्टर दर भेटीत “चालत राहा” असे का सांगतात, ते मला त्या अंगणात टायर पाहताना पुन्हा पटले.

जावयांचे म्हणणे वावगे नव्हते. गाडीचा खर्च नुकताच झालेला; सहल उरकून टायर बदलू, असे ते म्हणत होते. त्यावर यजमानांनी लेकीलाच विचारले, की या देशात टायरच्या वयाचा काही नियम नाही का? तिने शोध घेतला तेव्हा कळले की मालवाहू जड वाहने आणि बस यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून बंदी आहे. घरगुती मोटरहोमला ती लागू नाही. त्या बंदीमागे २०१२ सालचा एक अपघात होता. सरे परगण्यात एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा मृत्यू झाला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मीच म्हटले, “ऑर्कनीचे पैसे टायरला घालू या. बेटे कुठे जात नाहीत.” लेकीचा चेहरा उतरला, ते बेट आपल्या बाबांना दाखवायचे तिने वर्षभर मनात धरले होते. परंतु निर्णय झाला.

आता टायर निवडायचे कसे? येथे यजमानांचा आगारातील हिशेब उलटा करावा लागला. एस.टी.ला जास्तीत जास्त किलोमीटर देणारा टायर स्वस्त पडतो. मोटरहोमला तसे नाही. ही गाडी वर्षाला फार तर आठ हजार किलोमीटर चालणार, आणि टायर सहा-सात वर्षांनी वयामुळेच काढावे लागणार. म्हणजे छप्पन्न हजार किलोमीटर. तेवढे कोणताही बरा टायर देतो. तेव्हा ‘लाखभर किलोमीटर टिकेल’ या आश्वासनासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पैसे मोजायचे ते भार पेलण्यासाठी आणि ओल्या रस्त्यावर पकड राहावी यासाठी.

भाराचा अंदाज घेण्यासाठी आम्ही गाडी सामानासकट, पाणी भरून, चौघेही आत बसून वजनकाट्यावर नेली. गाडीला ३,५०० किलोची मर्यादा होती, भरले ३,४६०. जावई खूश झाले. यजमानांनी मात्र मागच्या ॲक्सलचे वजन वेगळे घ्यायला लावले. तेथे मर्यादा २,००० किलोची आणि काट्यावर आकडा २,०६०! टायरवर मापाच्या पुढे १०९ हा भारांक होता. कोष्टकात त्याचा अर्थ एका टायरला १,०३० किलो, दोघांना मिळून २,०६०. म्हणजे ॲक्सलची मर्यादा ओलांडून आम्ही टायरच्या क्षमतेच्या अगदी शेवटच्या रेघेवर उभे होतो. कारण साधे होते. चाकांची खुर्ची, डबे आणि खुर्च्या-टेबल आम्ही गाडीच्या अगदी शेपटीत भरले होते. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेले ओझे तरफेसारखे काम करते आणि मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनाहून अधिक भार टाकते. आम्ही साठ लिटर पाणी सोडून दिले, म्हणजे साठ किलो उतरले, आणि जड सामान दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणले. न मोजता निघालो असतो, तर नवे टायरही पहिल्या दिवसापासून ओझ्याखाली भरडले गेले असते.

दुकानात तीन प्रकार समोर आले. साधे व्हॅनचे स्वस्त टायर. मोटरहोमसाठीच बनवलेले, मापात ‘सीपी’ अक्षरे असलेले, दीर्घकाळ भाराखाली उभे राहण्यासाठी बाजू अधिक मजबूत केलेले. आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असलेले बारमाही. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी; अशी गाडी ओल्या गवतावर सहज रुतते आणि स्कॉटलंडमधील तळ बहुधा गवताचेच. म्हणून मोटरहोमचा भार पेलणारा आणि ते हिमचिन्हही असलेला टायर आम्ही घेतला. लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी पाहिली. स्वस्त टायरपेक्षा प्रत्येकी पन्नास पौंड जास्त गेले. चारांचे दोनशे, सात वर्षांत वाटले तर वर्षाला तीस पौंडांहूनही कमी.

बसवण्याआधी यजमानांनी चारही टायरांचे आकडे वाचून घेतले. एक टायर गोदामात तीन वर्षे पडलेला निघाला. विनंती केल्यावर त्यांनी बदलून दिला. मागच्या चाकांत ऐंशी पौंड हवा लागते. एवढ्या दाबाला साधे रबरी व्हॉल्व्ह पुरे पडत नाहीत, म्हणून धातूचे बसवले. पुढच्या चाकांत मात्र काट्यावरच्या वजनानुसार, टायर बनवणाऱ्यांच्या कोष्टकातून पाहून कमी हवा ठेवली. गरजेपेक्षा टणक टायर प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला आणि मूत्राशयाला कळवतो. गरजेपेक्षा मऊ टायर आतून तापतो आणि फुटू शकतो. दाब मोजायचा तो सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, टायर थंड असताना. मी ह्यांचा रक्तदाब स्वस्थ बसवून घेते तसाच. पुढे प्रवासात आमची रोजची सकाळ ही दोन मापे घेऊनच सुरू होई.

उल्लापूल हे लॉख ब्रूम या समुद्राच्या खाडीकाठचे पांढऱ्या घरांचे गाव. हेरिंग मासेमारीसाठी १७८८ साली वसवलेले. तेथून लुइस बेटाची बोट सुटते. आम्ही धक्क्यावर बसून ती जाताना पाहिली. लेक माझ्याकडे पाहून हसली. ऑर्कनीची सल दोघींनाही होती, पण कोणी ती बोलून दाखवली नाही.

उल्लापूलच्या उत्तरेस, १९८४ मध्ये खुला झालेला काइलेस्कूचा वळणदार पूल ओलांडल्यावर, वाट काही ठिकाणी एकपदरी होते. ठरावीक अंतरावर बाजूला घेण्याच्या जागा असतात. समोरून कोणी आले की एकाने थांबायचे, दुसऱ्याने हात उंचावून आभार मानायचे. तेथेच एका वळणावर समोरून मोठा ट्रक आला. जावयांनी गाडी डावीकडे घेतली आणि डावे चाक डांबराच्या तुटलेल्या कडेवरून धाडकन खाली आदळले. कपाटातले डबे वाजले. यजमानांनी माझा हात घट्ट धरला.

पुढच्या जागेवर थांबून ते उतरले. वाऱ्यात काठी टेकून वाकले आणि टायरच्या बाजूवरून बोटे फिरवली. फुगवटा नाही, चीर नाही. “चला,” एवढेच म्हणाले. जुना टायर तेथे फुटला असताच, असे मी म्हणणार नाही. परंतु ती परीक्षा ह्यांना गाडीत बसवून घ्यावी लागली नाही, याचे समाधान पैशांत मोजता येत नाही.

डरनेसला समुद्रावरच्या कड्यावर मुक्काम केला. रात्रीचे साडेदहा वाजले तरी सूर्य क्षितिजावर रेंगाळत होता. यजमान चाकांच्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते. जावई शेजारी गवतावर बसून आगारातल्या गोष्टी विचारत होते, आणि सहा वर्षांत प्रथमच मी ह्यांना आजाराव्यतिरिक्त दुसऱ्या विषयावर तासभर बोलताना ऐकले.

पुण्याला परतल्यावर ह्यांनी पहिले काम केले ते आमच्या सोसायटीच्या तळघरात उभ्या असलेल्या मोटारीचे. ती महिन्यातून दोनदा, दवाखान्यापुरती निघते. टायरची नक्षी नव्यासारखी, आकडे १५१५. नऊ वर्षांचे. त्याच आठवड्यात आम्ही ते बदलले. आता दर रविवारी शेजारचा मुलगा ती गाडी चालवतो, हे शेजारी बसतात आणि पाऊण तासाची फेरी होते. गाडीलाही बरे आणि ह्यांनाही.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

● टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचा: आठवडा आणि वर्ष. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांपलीकडे नक्षी कितीही असली तरी वापरू नका. स्टेपनीचेही वय पाहा.

● भारांक गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा कमी घेऊ नका. मोटरहोम असेल तर माणसे, पाणी, सामान भरून दोन्ही ॲक्सलचे वजन करा.

● हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

● नवे टायर बसवल्यावर सुमारे पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.

● उभी गाडी उन्हापासून झाका आणि अधूनमधून चालवा.

● रुग्णाच्या चाकांच्या खुर्चीला हवेचे टायर असतील तर त्यांचीही हवा तपासा. हवा कमी झाली की खुर्चीचा ब्रेक नीट धरत नाही आणि उठता-बसता खुर्ची सरकते.